रंगाखालचा बोल्ट

सालईटोल्याच्या अलीकडं नहराचा पूल लागतो. त्या पुलावर लक्ष्मीचंद रहांगडाल्याची पिकअप त्या आठवड्यात चौथ्यांदा बंद पडली. पहिल्या दिवशी मागच्या डाल्यात बसलेल्या चौदा बायांनी 'काय झालं, काय झालं' म्हणून कल्ला केला होता. आज कुणी विचारलंसुद्धा नाही. प्रत्येकीनं आपला विळा नि डबा जागेवर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि सगळ्या धक्का मारायला खाली उतरल्या. माणसाला कशाचीही सवय होते, तशी त्यांना धक्क्याची झाली होती.

"का वो अन्नपूर्णाबाई," रीता म्हणाली. टोळीत वयानं ती सर्वांत लहान, पण जीभ विळ्यापेक्षा धारदार. "आज तं खुद्द मिस्तरीच पुढं बसला हाये. तरी बंद पडली?"

अन्नपूर्णा गाडीच्या मागं गेली. दवनीवाड्याची ही कापणीची टोळी तिची. काम ती बोलायची, बाया ती जमवायची, आणि ज्याच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, उतरायचं त्याला शब्दही तीच द्यायची. आणि पुढच्या दारातून हातात पान्यांची पिशवी घेऊन उतरत होता तो मिस्तरी तिचा नवरा होता. दोन्हीकडून बोलणी तिलाच खायची होती.

हिरालाल मेश्राम बासष्ट वर्षांचा. त्यातली चाळीस वर्षं डिझेलच्या वासात गेलेली. धानाच्या गिरणीची इंजिनं, नदीवरचे पंप, मग ट्रॅक्टर, मग जीपा. कधीकाळी रस्त्यावरून गाडी जाताना तो ओट्यावर बसल्या बसल्या सांगायचा, 'त्याचा तिसरा नोझल गेला.' गाडीवाला दोन दिवसांनी यायचा तर खरोखर तिसराच निघायचा. 'हिरालालचा कान' असं लोक म्हणायचे, जसं कुणाचं शेत, कुणाची विहीर म्हणतात.

तो कान आता राहिला नव्हता. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, मग मोबाइलची घंटी. जाड आवाज अजून यायचे; इंजिनाची धडधड, ढगांचा गडगडाट, लक्ष्मीचंदचं बोलणं. बारीक आवाज मात्र कुणी चाळणीत धरून ठेवावेत तसे बाहेरच राहायचे. ही गोष्ट हिरालालनं कुणालाच सांगितली नव्हती. मिस्तरीचा कान गेला म्हणजे शिंप्याचे डोळे गेले, मग उरलं काय, असं त्याला वाटायचं.

त्यानं बॉनेट उघडलं. पंपाकडं जाणारी नळी सैल केली, हातपंपाची गुंडी दाबली. डिझेल भळकन आलं, बुडबुडा नाही की पाणी नाही. टाकीपासून पंपापर्यंत सगळं ठीक होतं. म्हणजे पाहुणा दारापर्यंत येत होता, दारच उघडत नव्हतं.

ते दार म्हणजे पंपाच्या डोक्यावर बसवलेली अंगठ्याएवढी कॉइल. चाबी फिरवली की तिच्यात करंट जातो, आतली पिन वर उचलली जाते आणि डिझेल आत सुटतं. चाबी बंद केली की पिन खाली पडते, डिझेल थांबतं, इंजिन बंद. पिन उचलताना 'टक' असा आवाज येतो. तेवढा आवाज आला की मिस्तरी पुढच्या कामाला लागतो.

"उमेंद्र, चाबी फिरव," हिरालाल म्हणाला आणि त्यानं कान पंपाजवळ नेला.

उमेंद्र लक्ष्मीचंदचा मुलगा, गाडी तोच चालवायचा. त्यानं चाबी फिरवली. "आला का काका आवाज?"

हिरालालनं मान हलवली. "आला."

त्याला काहीही ऐकू आलं नव्हतं. पण मान चाळीस वर्षांच्या सवयीनं हलली.

मग धक्का. चौदा बाया, त्यातल्या निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या. चपला चिखलात रुतत होत्या, बांगड्या पत्र्यावर वाजत होत्या. हिरालालही खांदा लावायला गेला तर रीता म्हणाली, "तुमी राहू द्या बाबा, तुमी मिस्तरी हव." बाया हसल्या. पुलाच्या उतारावर गाडीनं दोन आचके दिले, काळा धूर सोडला आणि सुरू झाली.

सालईटोल्यात सुखवंताबाई बांधीच्या पाळीवर उभी होती. साडेदहा वाजले होते. नवरा वारल्यापासून पाच एकर धान ती एकटी सांभाळत होती, आणि आभाळात दोन दिवसांपासून ढग फिरत होते. अर्धं धान कापून कडपांनी पडलं होतं, अर्धं उभं होतं.

"अन्नपूर्णा, मी काही तुही दुश्मन नाही," ती म्हणाली. "पण वर आभाळ पाह्य. पाणी आलं तं कडपा बांधीतच कुजते. नदीपलीकडून हार्वेस्टर आला हाये, शेजारच्या वावरात उभा हाये. मले कालपासून इचारून राहिला."

"तुमच्या बांध्या ओल्या हायेत बाई. मशीन फसन."

"फसन तं फसन. उद्या आठ वाजेपर्यंत तुमी आले तं तुमचं. नाही आले तं मी त्याले हो म्हणते."

अन्नपूर्णानं उभ्या धानाकडं पाहिलं. सुखवंताबाईच्या बांधीत एकदा मशीन उतरलं की सालईटोल्यातलं बाकीचं धानही मशीनच कापणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्या पंधरा दिवसांचं चौदा घरांचं काम त्या अडीच एकरांवर टेकलं होतं. ती बांधीत उतरली आणि त्या दिवशी तिच्या मागच्या बायांना पाठ सरळ करायला वेळ मिळाला नाही.

*

चार वाजता परत आल्यावर लक्ष्मीचंदच्या अंगणात गाडीभोवती पंचायत बसली. उमेंद्रनं गोंदियाच्या मिस्तरीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोबाइल बॉनेटवर ठेवला.

"फिल्टर बदला? बॅटरी नई है? तो फिर पंप खोलना पडेगा भैया," फोनमधून आवाज आला. "गाडी यहाँ छोड दो. पंद्रह दिन तो लगेंगे, सीजन है." मग त्यानं आणखी काहीतरी विचारलं.

उमेंद्रनं हिरालालकडं पाहिलं. हिरालालनं मान डोलावली, "हो, हो."

"हो काय काका? तो इचारून राहिला का कॉइलचा करंट तपासला का नाही, अन् तपासला तं किती आला. तुमी हो हो काय करून राहिले?"

हिरालालनं हातातला पाना दुसऱ्या हातात घेतला. फोनमधला माणूस म्हणाला, "कोई ढंग का मिस्तरी नहीं है क्या उधर?" हेही हिरालालला ऐकू आलं नाही. पण उमेंद्रनं ज्या घाईनं फोन उचलून कानाला लावला, त्यावरून काय बोललं गेलं असेल ते त्याला कळलं. बहिऱ्याला शब्द कळत नाहीत, अपमान बरोबर कळतो.

लक्ष्मीचंदनं चहा मागवला. पहिला कप हिरालालला दिला. दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच वर्षी नापास झालेले. "हिरालाल," तो म्हणाला, "चाळीस वर्सं केलास, बस झालं. आता घरी बसून राहा. गाडी गोंदियाले जाऊ दे."

हे तो रागानं म्हणाला असता तर हिरालालनं झेललं असतं. तो मायेनं म्हणाला. हिरालालनं कप तसाच खाली ठेवला.

"भाऊ," हिरालाल म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजेपर्यंत गाडी माह्यापाशी राहू द्या. नाही सापडलं तं मीच बसून गोंदियाले नेतो. अन् मंग पाना हातात नाही घेत."

"शेवटचं बोलू नोको गा."

"बोललो."

घरी अन्नपूर्णानं भात उतरवला, लाखोरीची डाळ वाढली आणि नेहमीसारखी त्याच्या समोर बसली. बोलायचं असलं की ती समोरच बसायची, चुलीचा उजेड तोंडावर येईल अशी. हिरालालला वाटायचं, चुलीजवळ ऊब असते म्हणून बसते.

"बाया उद्या नहरावर निंबू कापतो म्हणतेत," ती म्हणाली. "रीतानं काढलं. पुलावर काहीतरी हाये म्हणते. जनावर आडवं आलं का गाडी बंद पडते."

"कोणतं जनावर?"

"कोणतंही. सोमवारी कुत्रं आलं, बंद. मंगळवारी बकऱ्या. काल पुलावर नाही, शाळेपाशी पडली, तेथी पोरं आडवी आली होती. आज म्हशी."

हिरालाल हसला. चाळीस वर्षांत त्यानं गाड्यांना भूत लागलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. बहुतेक भुतं सैल वायरीत राहतात. तो घास घेता घेता थांबला.

"जनावर आडवं आलं का उमेंद्र काय करते?"

"काय करन? पोंगा वाजवते. तो नवा गाण्याचा बसवला ना दसऱ्याले, तो."

"आज वाजवला?"

अन्नपूर्णानं त्याच्याकडं पाहिलं. "तुमी त्याच्या बाजूले बसले होते."

चुलीतलं लाकूड सरकलं. हिरालालनं ताटातल्या भातावर बोटं फिरवली, एक शीत उचललं, परत ठेवलं. त्या पोंग्याचा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो म्हणत. तो हातभर अंतरावर बसला होता.

"मले नाही आयकू आला," तो म्हणाला.

"मले ठाऊक हाये."

"कधीपासून?"

"दोन वर्सं झाले. पावसात कवेलूच्या छपरावर पानी वाजे, अन् तुमी इचारले, पाऊस थांबला का." ती उठली, त्याच्या ताटात आणखी भात वाढला. "आपल्या पोरीले, मोनालीलेही ठाऊक हाये. नागपूरले दीक्षाभूमीवर तेच तं म्हणत होती, बाबा कान दाखवा. तुमी तिच्यावर खेकसले."

त्याला राग यायला पाहिजे होता. आला नाही. दोन वर्षं आपण मोठ्या हुशारीनं लपवतोय असं समजत होतो, आणि ही बाई दोन वर्षं चुलीसमोर तोंड करून बसत होती, हे त्याला त्या वेळी कळलं. तो खाली मान घालून जेवला, सगळं जेवला.

*

सकाळी झुंजूमुंजू झालं तेव्हा तो लक्ष्मीचंदच्या अंगणात होता. धुकं पडलं होतं, गाडीच्या काचेवरून थेंब ओघळत होते. अन्नपूर्णा बरोबर आली होती. उमेंद्र स्वेटरमध्ये हात घालून जांभया देत उभा राहिला.

हिरालालनं पिशवीतून आपला बल्ब काढला. मोटरसायकलच्या मागच्या दिव्याचा बल्ब, त्याला दोन वायरी. आजवर त्यानं तो फार कमी वापरला होता. ज्याला कान आहे त्याला बल्ब कशाला, असा तेव्हा तोरा होता.

"चाबी फिरव, इंजिन सुरू करू नोको," तो म्हणाला.

बल्बची एक वायर त्यानं कॉइलवर करंट येतो त्या टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या लोखंडाला. बल्ब लखकन पेटला.

"करंट तं बरोबर येऊन राहिला," उमेंद्र म्हणाला. "मंग पंपच गेला काका. सांगतच होतो."

"थांब ना गा. करंट येते ते पाह्यलो. जाते का नाही ते कोण पाहीन? बांधीत पानी आलं अन् निघाले वाट नसली तं काय होते?"

उमेंद्रला बांधीचं कळलं. तो जवळ सरकला.

ही कॉइल या गाडीची मूळची नव्हती. तीन वर्षांमागं पहिली जळाली तेव्हा हिरालालनंच दुसऱ्या गाडीची बसवली होती. तिला दोन वायरी होत्या. एकीतून करंट यायचा, दुसरी काळी वायर तो गाडीच्या अंगात परत सोडायची. हिरालालनं काळी वायर कॉइलवरून काढली. बल्बचं एक टोक तिला लावलं आणि दुसरं थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला. वाट मोकळी असती तर बल्ब मघासारखाच पेटायला हवा होता.

बल्ब पेटला, पण कसा? तेल संपलेल्या दिव्यासारखा, आतली तार नुसती लाल.

अंगणाच्या फाटकातून बाया येऊ लागल्या होत्या. कमरेला विळे, हातात डबे. रीता सरळ बॉनेटपाशीच येऊन उभी राहिली.

"आता पोंगा वाजव," हिरालाल म्हणाला.

उमेंद्रनं पोंगा वाजवला. बायांनी कानावर हात ठेवले. हिरालालच्या कानात काही शिरलं नाही, तो बल्बकडं पाहत होता. तार काळी पडली.

"विझला वो!" रीता ओरडली.

"सोड." तार पुन्हा लाल झाली. "वाजव." विझली. "सोड."

"भूत सापडलं का बाबा?" रीतानं विचारलं. यावेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

हिरालालनं काळी वायर दोन बोटांत धरली आणि तिच्यावरून हात फिरवत फिरवत खाली गेला. बॅटरीच्या मागं, जिथं हात अर्धा वळवूनच शिरतो, तिथं एक बोल्ट होता. त्यावर पोपटी ऑइलपेंटचा जाड थर होता. त्याच बोल्टाखाली दुसरी एक नवी वायर होती, पोंग्याची.

बोल्टाला बोट लागलं आणि त्याला सगळं आठवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवसाची दुपार. लक्ष्मीचंदची दर दसऱ्याला गाडी रंगवायची रीत. गुड्डू पेंटर बॉनेटच्या आतूनसुद्धा पोपटी रंग मारत होता, कारण पूजा बॉनेट उघडून व्हायची, हळदीकुंकू इंजिनला लागायचं. रंगासाठी वायरी सोडून द्यायला आणि मग परत कसायला हिरालाल आला होता. उमेंद्रनं तेव्हाच नवा पोंगा आणला, तोही बसवायचा होता. आणि हिरालालला गोंदियाहून नागपूरची गाडी पकडायची होती. दसऱ्याला लक्ष्मीचंदच्या घरी पूजा, तसं हिरालालच्या घरी दीक्षाभूमी. चाळीस वर्षांत एक वर्ष चुकलं नव्हतं. अन्नपूर्णा पांढरं लुगडं नेसून, पिशवी घेऊन फाटकात उभी होती. रंग ओला होता. बोल्टाखालची जागा खरडून लोखंड उघडं करायला पाहिजे होतं. त्यानं ओल्या रंगावरच वायरी ठेवल्या आणि कसून टाकल्या.

त्यानं आता बोल्ट सोडला. वायरीच्या कडीखाली रंगाची साय जमलेली होती. दीड महिन्याच्या ओलीनं तिच्या कडेला पांढरा गंज चढला होता. करंटची परतीची वाट आधीच अरुंद, पोंगा वाजला की तीही तोच अडवायचा, आणि कॉइल पिन सोडून द्यायची. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. चार दिवस तो टाकी, नळी, फिल्टर धुंडत होता.

"रंग?" उमेंद्र वाकून बघत म्हणाला. "रंगानं करंट अडला? हात्तीच्या! हे त्या गुड्डूचं काम. ब्रश घेऊन आंधळ्यावानी मारत सुटते. बाबा, इकडं या!"

लक्ष्मीचंद घोंगडी लपेटून बाहेर आला. त्यानं बोल्ट पाहिला, रंग पाहिला. "गुड्डूले बोलावून आण. चौदा बायाइले चार दिवस धक्का माराले लावला हरामखोरानं. पुढच्या साली त्याच्या हातात ब्रश देत नाही."

हिरालाल टाचांवर बसलेला होता. कुणीही त्याला काही विचारलं नव्हतं. बिघाड सापडला होता, सातला अजून वेळ होता, पाना सोडायची वेळ टळली होती. रेजमालाचा खरखरीत कागद घेऊन जागा घासायची, बोल्ट कसायचा, की पुन्हा 'हिरालालचा कान' म्हणून गावभर नाव. गुड्डू काय, चार शिव्या खाईल. त्यानं अन्नपूर्णाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती पण त्या दुपारी फाटकात उभी होती, आणि तिलाही आठवत होतं.

"गुड्डूले राहू द्या," हिरालाल म्हणाला. "गुड्डूनं रंग मारला, ते त्याचं काम. बोल्ट मी कसलो."

वाकलेला उमेंद्र सरळ झाला.

"रंग ओला होता. खरडाचा असते, हे मले ठाऊक होतं. माही नागपूरची गाडी निघून राहिली होती, मी तसाच कसलो. बरं, घाईत चुकते माणूस. पण कसल्यावर चाबी फिरवून टक आयकाचा असते. मी फिरवलो. मले नाही आयकू आला." पुढचं वाक्य त्यानं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. "टक झाला का नाही झाला, मले आजही ठाऊक नाही. माहे कान गेले भाऊ. दोन वर्सं झाले. मी मान हालवून सांगतलो, गाडी बरोबर हाये. कालही पुलावर तसाच सांगतलो."

धुक्यात कुठंतरी कोंबडा आरवला असेल. हिरालालला फक्त माणसांचे चेहरे दिसत होते. उमेंद्रचा चेहरा उतरला होता, कालच्या फोनची त्याला आठवण झाली असावी. रीतानं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

लक्ष्मीचंद पुढं आला. घोंगडी सावरत, गुडघ्यावर हात टेकत तो हिरालालच्या शेजारी उकिडवा बसायला गेला, बसता येईना, म्हणून मडगार्डला टेकला.

"मंग सांगाचं नाही का बे?" तो हिरालालच्या तोंडासमोर तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाला. "माहे गुडघे गेले तं मी अख्ख्या गावाले सांगतो. दिवसातून चार वेळा सांगतो. लोक पळून जातेत मले पाहून. अन् तू कान घेऊन लपवत बसला?"

पहिली हसली ती अन्नपूर्णा. मग बाया हसल्या, मग उमेंद्र. हिरालालही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यानं ते ग्रीस लागलेल्या मनगटानं पुसले, त्यामुळं गालावर काळा पट्टा उमटला.

"साडेसहा झाले," अन्नपूर्णा म्हणाली. "रडाचं मंग रडू."

मग त्याचे हात चालू लागले. रेजमालानं जागा घासली, पोपटी गेला, त्याखालचा जुना लाल गेला, त्याखाली लोखंड चमकलं, नव्या रुपयासारखं. कडीही घासली. पोंग्याची वायर तिथून काढून दुसऱ्या बोल्टावर नेली, त्याच्याही खालचा रंग आधी खरडला. एका वाटेनं दोघं जाऊ नयेत, एवढं त्यानं आता पक्कं ठरवलं होतं. वर ग्रीसचं बोट फिरवलं आणि कसलं. बल्ब लावला. तो असा पेटला की रीतानं डोळ्यावर हात धरला.

"पोंगा."

उमेंद्रनं वाजवला. बल्ब हलला नाही. पुन्हा वाजवला, लांब. नाही हलला.

हिरालालनं बल्ब काढला, काळी वायर कॉइलवर परत बसवली. मग मान वर करून, सगळ्यांदेखत म्हणाला, "अन्नपूर्णा, इकडं ये. येथी कान लाव. टक झाला का मले सांग."

ती आली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं बॉनेटखाली कधी डोकं घातलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि पंपाजवळ कान नेला. हिरालालनं आपल्या तर्जनीचं टोक कॉइलच्या डोक्यावर ठेवलं. असंच, काहीतरी करायचं म्हणून.

"फिरव चाबी."

मुठीत धरलेल्या नाकतोड्यानं पाय मारावा, तसं त्याच्या बोटाखाली काहीतरी उडालं.

"आला!" अन्नपूर्णा म्हणाली, आणि त्याच क्षणी हिरालालही म्हणाला, "आला!"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यानं बोट काढलं, परत ठेवलं. "बंद कर. फिरव." टक. "बंद कर. फिरव." टक. दोन वर्षांमागं जो आवाज त्याला सोडून गेला होता, तो पंपाच्या डोक्यावर, बोटाच्या टोकाशी त्याची वाट बघत बसला होता, आणि त्याला कधी हात लावून बघायचं सुचलं नव्हतं. तो पोरासारखा दहा वेळा चाबी फिरवायला लावत राहिला, शेवटी उमेंद्रच म्हणाला, "काका, बॅटरी उतरन."

इंजिन एका फेरीत सुरू झालं.

बाया डाल्यात चढल्या. "आज धक्का नाही?" रीता म्हणाली. "मंग थंडीत आंग कसं गरम होईन वो?" अन्नपूर्णा सर्वांत शेवटी चढायला गेली, तेव्हा हिरालालनं तिच्या कोपराला हात लावला.

"मोनालीले फोन लाव दुपारी. सांग, बाबा येऊन राहिले म्हणून. कापणी झाली का. कान दाखवाले."

"लावते," ती म्हणाली, आणि चाकावर पाय देऊन वर चढली.

"काका, तुमीही चाला ना," उमेंद्र खिडकीतून म्हणाला. "रस्त्यात पडली तं?"

"नाही पडन. मी येथीच उभा राहतो. तलावाच्या वळणावर गेला का पोंगा वाजव, जोरानं."

"तुमाले काय कळन येथून?"

"वाजव तं खरं."

पिकअप फाटकातून बाहेर पडली. लक्ष्मीचंदच्या घरापासून तलावापर्यंत रस्ता सरळ जातो, दोन्ही बाजूंना बांध्या. काही कापलेल्या, काहींत धान पिवळं उभं, मधूनमधून कापल्या धानाचे पुंजणे रचलेले. धुकं वर उचललं गेलं होतं आणि ढगांच्या फटीतून ऊन पडलं होतं. गाडी लहान होत गेली. हिरालाल रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होता. हातात बल्ब तसाच होता.

गाडी वळणावर आली. त्यानं उगाच कान टवकारले. काही नाही. गाडीची धडधडही आता पोहोचत नव्हती. सगळं मुकं होतं.

मग तलावाखालच्या कापलेल्या बांधीतून बगळे उठले. वीस-पंचवीस बगळे, सगळे एकदम, जसं कुणी पांढरं लुगडं झटकावं. ते गाडीच्या वर एक गिरकी घेऊन पलीकडच्या बांधीकडं वळले. त्यांच्या खालून पिकअप तशीच पुढं चालली होती. थांबली नाही, आचका दिला नाही. डाल्यातून एक हात वर झाला होता. कुणाचा ते इतक्या लांबून दिसत नव्हतं, पण हिरालालला ओळखायला दिसण्याची गरज नव्हती.

बगळे पलीकडच्या बांधीत उतरले, पंख मिटायच्या बेतात होते, तेवढ्यात पुन्हा उडाले. मग तिसऱ्यांदा.

"या पोराच्या!" हिरालाल एकटाच मोठ्यानं हसला. "बसू दे ना गा त्याइले!"